भाडं कोणी दिलं?

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल माझ्याकडून पानापानानं वाचून घेणारं माणूस मला आयुष्यात एकच भेटलं, आणि ते वकील नव्हते. जव्हारच्या बाजारपेठेमागं त्यांचं लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचं दुकान होतं. मी जव्हारच्या कोर्टात कनिष्ठ लिपिक म्हणून रुजू झाले, तेव्हा त्यांच्या गोदामावरच्या दोन खोल्या मला मिळाल्या. पहिला आठवडाभर मी त्यांना 'मालक' म्हणत होते.

"बाय, मालक नको म्हणू," ते एकदा जिन्यात थांबून म्हणाले. "मालक म्हटलं का माणूस उगाच भिंतीला हात लावून बघतो. काका म्हण."

तेव्हापासून ते माझे काका. गाव त्यांना भोंगेवाले म्हणायचं. दुकानावर त्यांनी स्वतःच्या हातानं रंगवलेली पाटी होती : 'भोंगे, माईक, जनरेटर मिळेल. काय बोलायचं ते आपापलं आणावं.'

मूळ साखरशेतचं, भात-नागली पिकवणारं घर. तरुणपणी ठाण्याला एका दुरुस्तीच्या दुकानात चार वर्षं राबले आणि मजुरीच्या बदल्यात एक जुना भोंगा घेऊन एसटीनं परत आले. कंडक्टरनं विचारलं, हे काय आहे, टपावर टाका. काकांनी भोंगा मांडीवर घेतला आणि त्याचं अर्धं तिकीट मागितलं. कंडक्टर म्हणाला, वस्तूचं तिकीट नसतं, सामानाचं असतं. काका म्हणाले, "हा बोलतो. बोलणाऱ्याचं तिकीट असतं." शेवटी कंडक्टरनं वैतागून अर्धं तिकीट फाडलं. ते तिकीट काकूंनी देव्हाऱ्यातल्या डबीत ठेवलं होतं. पाहुणा आला की काढून दाखवायच्या, आणि दर वेळी "हा माणूस असाच" म्हणून कपाळाला हात लावायच्या.

सकाळी आठ वाजता भोंग्यांची तपासणी. सगळ्या महाराष्ट्रात माईक तपासताना माणूस 'हॅलो, हॅलो, वन टू थ्री' म्हणतो. काकांना ते आवडत नसे. त्यात सांगण्यासारखं काय आहे, असं त्यांचं म्हणणं. ते बातम्या द्यायचे. "नमस्कार. नाशिकची गाडी आज अर्धा तास उशिरा हाय. शिंप्याच्या सुनेला पोरगी झाली, दोघी बऱ्या हायत. बाजारात करटोली आलीत, पण महाग हायत. आवाज ठीक." एवढं बोलून खटकन बटण बंद. माझी भांडी मांडणीवर थरथरायची आणि मी करटोली आज नको असं ठरवायचे. अर्धी पेठ त्या तपासणीवर दिवस लावायची. त्यात खोटं वाक्य एकही नसायचं. मी एकदा थट्टेनं म्हटलं, "काका, एखादं खोटं सांगून बघा, कोण काय करतं?" ते खरोखर दचकले. "नाय गो. खोट्यावर तपासला तं भोंग्याला सवय लागते."

जगाची मापंही त्यांनी भोंग्यांत बसवली होती. जामसर दोन भोंग्यांचं गाव, अमका पाडा एका भोंग्याचा, तमक्याची वरात उगाच सहा भोंग्यांची. माणसंही त्याच मापात. एका बड्या ठेकेदाराबद्दल म्हणाले, "चार भोंग्यांचा माणूस, पण आत वायर नाय." आमच्या न्यायाधीश साहेबांना ते फार मान द्यायचे. "तुझे साहेब बिनभोंग्याचे. हळू बोलतात, तरी समोरचा ऐकतो. तसा माणूस भाड्यानं मिळत नाय."

एक तासाचा नियम मात्र सगळ्यांना सारखा. त्यांच्या माईकवर कोणीही तासापेक्षा जास्त बोलायचं नाही. मी यायच्या आधी ठाण्याहून आलेले एक पुढारी पाऊण तास स्वतःबद्दल बोलले आणि मग म्हणाले, आता मुद्द्याकडे येतो. पंधरा मिनिटांनी आवाज गेला. पुढाऱ्यांनी माईकवर टिचक्या मारल्या, फुंकर घातली. काका मांडवाच्या खांबापाशी उभे होते, हातात काढलेली पिन. "तुमचा तास भरला. आता यांचा," असं म्हणून त्यांनी पुढं बसलेल्या लोकांकडं हात केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि उठून गेले. हा किस्सा मला जव्हारमध्ये किमान दहा जणांनी सांगितला आणि प्रत्येकाच्या सांगण्यात तो स्वतः पहिल्या रांगेत होता.

निकाल वाचायला सुरुवात झाली ती निवडणूक रोख्यांपासून. कंपन्यांनी राजकीय पक्षांना नाव गुप्त ठेवून पैसे द्यायची सोय सर्वोच्च न्यायालयानं रद्द केली, ही बातमी पेपरात पहिल्या पानावर होती. काका पेपर घेऊन संध्याकाळी वर आले. मराठी ते बोट ठेवून सावकाश वाचत, इंग्रजी अजिबात नाही. म्हणाले, "बाय, तुझ्या कोर्टानं आज काहीतरी मोठं केलं वाटतं."

त्यांच्या लेखी जगातली सगळी कोर्टं माझी होती. मी किती वेळा सांगितलं की मी जव्हारच्या कोर्टात जावक नोंदवही लिहिते, दिल्लीशी माझा संबंध नाही. "असू दे ना," ते म्हणायचे, "एकाच खात्यातली तं हायस."

बातमीनं त्यांचं समाधान होईना. मग मी मूळ निकाल छापून आणला. कित्येक संध्याकाळी खाली काकूंच्या चुलीपाशी बसून मी तो वाचायचे, जमेल तसा मराठीत सांगायचे. काका एका शाळेच्या वहीत टिपून घ्यायचे. काकू भाकरी थापत ऐकायच्या. एका संध्याकाळी मी सांगितलं की नाव न सांगता दान देण्यात वाईट काय, असाही एक युक्तिवाद झाला होता. काकू तव्यावरची भाकरी उलटत म्हणाल्या, "देवाच्या पेटीत बिननावाचं टाकलं तं चालतं. देव मागून कोणाला रस्त्याचं काम देत नाय."

काकांनी ते वाक्यही वहीत उतरवलं. न्यायालयाच्या वाक्यांच्या खालीच.

पण त्यांना हलवून गेलं ते दुसरंच. घटनेनं दिलेलं बोलण्याचं स्वातंत्र्य आहे ना, त्यातच मतदाराचा जाणून घ्यायचा हक्कही येतो, पक्षाला पैसा कोण देतं हे कळल्याशिवाय तो मत कसा ठरवणार, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. मी ते सांगितलं आणि पुढचं पान उलटलं. काकांनी हात वर केला.

"थांब. परत सांग. ऐकणाऱ्याचा पण हक्क बोलण्यातच धरला?"

"हो."

त्यांनी पेन्सिल वहीत ठेवून वही मिटली. मग म्हणाले, "तीस वर्षं मी बोलणाऱ्याला भोंगा देतो. ऐकणाऱ्याला काय दिलं मी? नुसता त्रास."

मी हसले. ते हसले नाहीत.

पुढं एकदा मी बोलता बोलता सांगितलं की अमेरिकेत उलटं आहे. तिथल्या सर्वांत मोठ्या कोर्टानं म्हटलंय, कंपन्यांनी उमेदवाराशी संगनमत न करता, आपलं आपण निवडणुकीत हवा तेवढा खर्च करावा; खर्च म्हणजे बोलणंच, सरकारनं ते अडवू नये. काकांचे डोळे चमकले. "म्हणजे तिथं माझा धंदा जोरात!" मग लगेच विचारात पडले. "पण मग ज्याचे भोंगे जास्त, त्याचं बोलणं जास्त. दुसऱ्यानं काय करायचं, झाडावर चढायचं?"

आठवडाभर ते अमेरिकेवर नाराज होते. मला त्यांची कीव आली आणि मी तोही निकाल नीट वाचून काढला. त्यात एक गोष्ट सापडली. खर्च करा, पण पैसा कोणाचा ते जाहीर करायला लावण्यात काही गैर नाही, असं त्याच कोर्टानं त्याच निकालात म्हटलं होतं. मी खाली जाऊन सांगितलं. काकांनी मांडीवर थाप मारली.

"काय सांगतेस! म्हणजे दोन्हीकडची कोर्टं भांडून भांडून एका ठिकाणी आली. बोला, पण भाडं कोणी दिलं ते सांगा!"

"काका, हे पक्षांचं आहे, मोठ्या निवडणुकांचं आहे. तुमच्या भोंग्यांना लागू नाही."

"भोंग्याला काय कळतं, दिल्ली हाय का मोखाडा."

पुढच्या हिवाळ्यात, भात झोडून झाल्यावर, मोखाड्याच्या अंगाला दरीकडच्या एका ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. गावाचं नाव इथं नको. गावाच्या वरच्या सड्यावर, डोंगरावरच्या सपाट माळावर, एका कंपनीला मोठं हॉटेल बांधायचं होतं, पोहायच्या तलावासकट. सड्याखाली बारमाही झरा होता, त्याच्यावर तीन पाडे पाणी भरत. ग्रामसभेची संमती लागणार होती, आणि ग्रामसभा चालवणारा सरपंच आपला असला तर बरं, एवढा साधा हिशोब. सरपंचपदाला दोघं उभे राहिले. एक काळूराम, दहा-बारा वर्षं भिवंडीला गोदामात हमाली करून परतलेला, बोलायला गोड. दुसरी जानकीबाई, बचत गट चालवणारी, जिचं घर झऱ्यापासून हाकेच्या अंतरावर.

एका दुपारी कंपनीचा माणूस काकांच्या दुकानात आला. पांढरे बूट, हातात दोन फोन. त्या दिवशी कोर्टाला सुट्टी होती, म्हणून मी खालीच बसले होते.

"तुमचे सगळे सेट पाहिजेत. प्रचार संपेपर्यंत. पूर्ण भाडं आगाऊ."

काकू आतून बाहेर आल्या. दुकानावरचे पत्रे गळत होते आणि पावसाआधी बदलायचे होते.

"एवढ्याशा गावात एवढे भोंगे कुठं लावणार?" काकांनी विचारलं.

"लावायचे नाहीत. दोन काळूरामला द्या. बाकीचे असू देत इथंच, आराम करू द्या." तो हसला. "जव्हारचे, मोखाड्याचे, बाकी सगळे बुक झालेत. तुमचेच राहिलेत."

काका उद्या सांगतो म्हणाले. माणूस गेल्यावर जानकीबाईच्या गटातल्या दोघी आल्या. आधीच सगळीकडं फिरून झालं होतं त्यांचं. एक छोटा भोंगा तरी द्या म्हणाल्या. काकांनी त्यांनाही उद्या या सांगितलं.

त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. मला म्हणाले, "बाय, पैसे देऊन बोलणं हे बोलणं. मग पैसे देऊन दुसऱ्याला गप्प बसवणं हे पण बोलणंच का? यावर तुझ्या कोर्टानं काय म्हटलंय?"

"मला माहीत नाही, काका."

"कोर्टाला पण सगळं माहीत नसतं तं."

काकू म्हणाल्या, "पत्र्याचं काय?" काका म्हणाले, "पत्रा मागल्या पावसातही गळत होता." काकू म्हणाल्या, "मागल्या पावसात मी म्हातारी नव्हते." मग त्यांनी काकांचं ताट झाकून ठेवलं. जरा वेळानं काकूच म्हणाल्या, "तुम्ही भोंगा बोलायला देता का बसायला? बसायला माझं जातं हाय, ते न्या म्हणावं."

सकाळी कंपनीचा माणूस आला तेव्हा काकांनी निम्मे सेट काळूरामला, निम्मे जानकीबाईला, दोघांना एकच दर, असं सांगितलं. माणूस चिडला, हुज्जत घातली, पण निम्मे हातचे जायला नकोत म्हणून भाडं भरलं. काकांनी पावती पुढं केली. पावतीवर नेहमीच्या अटींखाली एक नवी अट निळ्या शाईनं लिहिली होती : 'भोंग्यावर काहीही सुरू करण्याआधी त्याचं भाडं कोणी दिलं हे भोंग्यावरून सांगितलं जाईल.' माणसानं फोनवर बोलत बोलत सही केली. मी कोर्टात काम करते. सही करण्याआधी वाचणारी माणसं मला बोटांवर मोजता येतात.

प्रचाराचा पहिला दिवस रविवार होता, म्हणून मीही जीपमध्ये बसून गेले. पहिल्या पाड्यावर शेकोटीभोवती म्हातारे, ओट्यावर बायका. काळूराम फेटा सारखा करून जीपवर चढला. काकांनी बटण दाबलं आणि माईक आधी स्वतः घेतला.

"नमस्कार. हा भोंगा काळूरामच्या प्रचाराचा. याचं भाडं सड्यावर हॉटेल बांधणाऱ्या कंपनीनं दिलंय. आता काळूराम बोलेल. आवाज ठीक."

एक म्हातारी तोंडाला पदर लावून इतकी हसली की तिला ठसका लागला. काळूराम माईक हातात घेऊन उभाच. बोलला तो, पण त्याच्या प्रत्येक वाक्यावर कोणीतरी सड्याकडं बघायचं.

दुपारी दुसऱ्या जीपवर जानकीबाई. "हा भोंगा जानकीबाईच्या प्रचाराचा. याचं भाडं बचत गटातल्या बायांनी दिलंय, आणि थोडं तिच्या ठाण्याला बिगारी करणाऱ्या दिरानं. आता जानकीबाई बोलेल." जानकीबाई बोलायला उभी राहिली आणि पहिलंच वाक्य विसरली. मग म्हणाली, "दिराचे पैसे मी परत देईन," आणि पुन्हा हशा.

दोन दिवसांत काकांचं ते पहिलं वाक्य सगळ्या पाड्यांवर पसरलं. भाषण ऐकायला न येणारी माणसं ते वाक्य ऐकायला यायची आणि मग भाषणालाही थांबायची. एका लग्नात नवरदेवाच्या वरातीला लोकांनी अडवून विचारलं, भाडं कोणी दिलं? नवरदेवाच्या मामानं दोन्ही हात वर करून 'मी, मी' म्हणत नाच केला. बाजारात भाजीवाली मला म्हणाली, "बाय, तुझ्या काकानं माणसांना नवीन प्रश्न लावून दिला."

काळूराम मात्र तिसऱ्या दिवशी दुकानात आला. रागानं आला होता, पण येता येता राग दमला असावा.

"काका, माझी लाज काढलीत."

"लाज नाय रे, नुसतं नाव सांगितलं. तेही तुझं नाय."

"तुम्हाला सोपं हाय," काळूराम बाकावर बसला. "तिच्या मागं गट हाय. माझ्या मागं कोण हाय? हमालाला कोण जीप देतो? मला पण गावासाठी काय करायचं हाय. मला बोलायचं तं मी कोणाच्या भोंग्यानं बोलू?"

काका हातातली वायर गुंडाळायला लागले. काकूंनी काळूरामला चहा दिला, नागलीची भाकरी दिली. तो जायला निघाला तेव्हा काका म्हणाले, "कंपनीचा सोडलास तं माझा छोटा भोंगा ने. फुकट. मग मी सांगेन का भाडं नाय, भोंगेवाल्यानं दिला." काळूराम चपला घालत म्हणाला, "सोडता आलं असतं तं आलो असतो का?" आणि गेला. त्या दिवशी काकांनी वहीत काहीतरी लिहिलं. नंतर मी पाहिलं. फक्त काळूरामचा प्रश्न लिहिला होता, खाली जागा मोकळी.

चौथ्या दिवशी कंपनीनं तक्रार केली. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी काकांना बोलावलं आणि काका मला घेऊन गेले. मी सरकारी नोकर. अशा प्रकरणात माझं नाव कुठं आलं तर माझी बदली पक्की होती. मी त्यांना वाटेत बजावलं, "काका, मला ओळखत नाही असं वागा." ते म्हणाले, "बरं."

अधिकारी तरुण होते. कागदांच्या ढिगात चार दिवस झोप न झालेला चेहरा. कंपनीच्या माणसानं जोरात सुरुवात केली. बदनामी, धंद्याचं नुकसान, निवडणुकीत ढवळाढवळ.

"यांनी सांगितलं त्यात खोटं काय आहे?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"खोटं नाही. पण सांगायचं कारण काय? आम्ही पैसे दिले, आम्हाला आमचं बोलायचं स्वातंत्र्य आहे."

काका उठले. "साहेब, बोला ना, मी कवा अडवलं? जीप दिली, भोंगे दिले, आवाज पण बारीक नाय केला. पण ऐकणारा विचारतो, कोण बोलतं? त्याचा पण हक्क हाय. बोलण्यातच धरलाय." त्यांनी वही उघडली. "हे कोर्टानं म्हटलंय."

"कोणत्या कोर्टानं?"

काकांनी सरळ माझ्याकडं बोट केलं. "हिच्या."

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. अधिकाऱ्यांनी माझ्याकडं पाहिलं, वहीकडं पाहिलं आणि चार दिवसांत पहिल्यांदा हसले असावेत असे हसले. मग त्यांनी पावती मागितली. निळ्या शाईतली अट वाचली, खालची सही पाहिली. कंपनीच्या माणसाकडं वळून शांतपणे म्हणाले, "म्हणजे काळूरामच्या प्रचाराचं भाडं तुम्ही दिलंत, असं तुम्ही लेखी तक्रारीत म्हणताय. काळूरामच्या खर्चाच्या तपशिलात हे कुठं दिसत नाही. बोलावू का त्यांना?"

दोन्ही फोन एकदम वाजल्यासारखा तो माणूस गडबडला. बाहेर जाऊन आला. तक्रार मागं घेतो म्हणाला.

"खर्च मात्र दाखवायला लागेल," अधिकारी म्हणाले. मग काकांना, "आणि तुम्ही. एवढंच वाक्य. एक शब्द जास्त नाही."

"जास्त बोलायला माझ्याकडं भोंगा कुठं हाय, साहेब? सगळे भाड्यानं गेले."

परतताना आम्ही एसटी स्टँडवर भजी खाल्ली. मी रागावले होते. काका म्हणाले, "तू म्हणालीस ओळख दाखवू नको. मी कुठं तुझं नाव सांगितलं?" तेव्हा मला राग धरून ठेवता आला नाही. माझी बदली झाली नाही. न्यायाधीश साहेबांच्या कानावर गेलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी त्यांनी मला हळूच विचारलं, "त्या वहीत आपल्या कोर्टाचं काही आहे का?" मी नाही म्हटलं. ते थोडे खट्टू झाल्यासारखे वाटले.

जानकीबाई अगदी थोड्या मतांनी निवडून आली. ती भोंग्यामुळं आली असं मी म्हणणार नाही. लोकांना झरा दिसत होता, तो काही कोणी सांगावा लागत नव्हता. पण निकालाच्या दुपारी तालुक्याच्या गावाहून तिचं गाव येईपर्यंत गुलाल, फटाके आणि काकांचे सगळेच्या सगळे, अजून बंद असलेले भोंगे होते. जानकीबाईचा भाचा सकाळीच येऊन आगाऊ भाडं भरून गेला होता. काकांनी त्यालाही विचारलं होतं. तो म्हणाला, "एक हितचिंतक आहेत. रस्त्याची कामं घेतात. मावशीला सांगू नका, तिला नंतर भेटणार आहेत ते."

गावाच्या वेशीवर मिरवणूक थांबली. जानकीबाई गुलालानं ओळखू येत नव्हती. भाचा ओरडला, "काका, गाणं लावा!" काकांनी माईक घेतला. मी त्यांच्या शेजारी उभी होते. त्यांना जानकीबाई आवडायची. आम्हा सगळ्यांनाच आवडायची.

"नमस्कार. हे भोंगे जानकीबाईच्या विजयाचे. यांचं भाडं एका रस्त्याच्या ठेकेदारानं दिलंय. आवाज ठीक."

ढोल वाजता वाजता बंद पडला. भाच्याचा चेहरा गुलालाखाली पांढरा झाला. "काका, आज तरी!" तो म्हणाला. गर्दीच्या कडेला काळूराम उभा होता. आपण हरलो तरी बघायला आला होता. तो हसला नाही. नुसता जानकीबाईकडं बघत राहिला, आता ही काय करते म्हणून.

जानकीबाई जीपवरून उतरली. भाच्याला विचारलं, "खरं का?" त्यानं मान खाली घातली. तिनं पदरानं डोळ्यातला गुलाल पुसला. मग काकांना म्हणाली, "भोंगे उतरवा, काका. त्या माणसाचे पैसे त्याला परत द्या."

"देतो," काका म्हणाले, आणि खटकन बटण बंद केलं.

एवढे भोंगे गप्प झाल्यावर माळ एकदम मोठा वाटायला लागला. वारा ऐकू यायला लागला, कोणाचं तरी तान्हं रडलेलं ऐकू आलं. जानकीबाई एका दगडावर उभी राहिली आणि तशीच, बिनमाईकची, बोलू लागली. झऱ्याबद्दल, पहिल्या ग्रामसभेबद्दल. काळूरामला त्या ग्रामसभेत आपल्या शेजारी बसायला सांगितलंय, असं म्हणाली. ते सांगितलेलं नव्हतं, तिथंच पहिल्यांदा सांगत होती. काळूरामनं इकडं तिकडं बघितलं.

मागून कोणीतरी ओरडलं, "काय बोलते ती? ऐकू येत नाय!"

काका वायरींचं वेटोळं खांद्यावर टाकत होते. त्यांनी मान वर केली.

"मग जवळ ये ना," ते म्हणाले.

आणि माणसं खरंच पुढं सरकली.